चक्रांकित शिळेची परीक्षा आणि तिचे स्वयंभूत्व

द्वारकेला गोमती जेथे समुद्राला मिळते, तेथे सापडणारी आणि अंगावर चक्रासारख्या खुणा असलेली शिळा संस्कृत ग्रंथांत द्वारावती शिळा या नावाने येते, आणि देवपूजेच्या व्यवहारात तिला चक्रांकित म्हणतात. नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम जसा मूर्तिकाराच्या हाताशिवाय प्रकट झालेला विष्णू मानला जातो, तशीच ही शिळाही मानली जाते. दोहोंची पूजा एकत्र व्हावी असा पुराणांचा आग्रह आहे, आणि माध्व परंपरेतल्या घराण्यांत, त्यांत महाराष्ट्र-कर्नाटकातली देशस्थ घराणीही आली, शाळिग्राम आणि चक्रांकित यांची जोडपूजा आजही चालते. भूशास्त्राच्या दृष्टीने शाळिग्राम हा अमोनाइट या, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या, कवचधारी समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे, तर द्वारावती शिळा ही प्रवाळाची शिळा आहे. हे दोन वर्णनक्रम एकमेकांना छेद देतातच असे नाही. पण शिळा नदीकाठी हाताला लागण्याऐवजी दुकानातून, बहुधा घासूनपुसून चकचकीत केलेली, घरी येऊ लागली म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. ही शिळा खरोखर तीच आहे हे कशावरून ओळखावे, हा एक. आणि घासून उजळलेल्या शिळेचे स्वयंभूत्व शिल्लक राहते का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून परीक्षेचा विचार झिलईच्या आधी यायला हवा.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि खनिजही नव्हे. मऊ देहाचा, तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असलेला एक इवलासा प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती कठीण पेला बांधतो. अशा हजारो पेल्यांची वसाहत एकमेकांना चिकटून वाढते आणि प्राणी मेल्यावर ती चुन्याची घडण मागे उरते. प्रत्येक पेल्याच्या आत काठाकडून मध्याकडे येणारे पातळ उभे पडदे असतात. आजच्या समुद्रातले खडक रचणारे प्रवाळ घेतले तर हे पडदे सहाच्या पटीत वाढतात, आणि पेला आडवा कापला किंवा झिजला की हेच पडदे आरे होऊन दिसतात. भक्ताला शिळेवर जे चक्र दिसते ते हे. प्रवाळ हा प्राणी आहे ही गोष्ट युरोपात १८व्या शतकात पेसोनेल या फ्रेंच निसर्गज्ञाने मांडली तेव्हा तिथल्या विद्वानांनी ती प्रथम मानली नाही. भारतीय परंपरांकडे पाहिले तर जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात प्रवाळाची गणना पृथ्वीकाय जीवांत, म्हणजे माती-खनिजे हेच ज्यांचे शरीर आहे अशा जीवांत, केलेली आढळते. ते वर्गीकरण आजच्या प्राणिशास्त्राशी जुळत नाही, पण दगडासारख्या दिसणाऱ्या या वस्तूला निर्जीव म्हणून बाजूला टाकायला ते तयार नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वसाहत गाळाखाली गाडली गेली की तिचे द्रव्य बदलू लागते. मूळ पेला अ‍ॅरागोनाइट या चुन्याच्या प्रकाराचा असतो. काळाच्या ओघात त्याचे रूपांतर कॅल्साइट या अधिक स्थिर प्रकारात होते, मोकळी छिद्रे खनिजांनी भरतात, आणि काही ठिकाणी भूजलातून आलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य, चुन्याची जागा कणाकणाने घेते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मिळणारा पेटोस्की दगड हा सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळाचा कॅल्साइटी जीवाश्म आहे, तर फ्लोरिडात मिळणारे प्रवाळ जवळजवळ पूर्णपणे अकीक होऊन गेलेले असते. एका बाजूला चाकूने ओरखडा उठणारा दगड आणि दुसऱ्या बाजूला काचेवर ओरखडा काढणारा दगड, दोन्ही प्रवाळच. म्हणून प्रवाळ-शिळा द्रव्यावरून ओळखण्याचा मार्ग प्रथमदर्शनी वाटतो तितका सरळ नाही.

इथे न्यायशास्त्राची जुनी शिस्त उपयोगी पडते. वात्स्यायनाने न्यायभाष्यात शास्त्राची प्रवृत्ती तीन टप्प्यांची सांगितली आहे: उद्देश, म्हणजे वस्तूचे नाव घेणे, लक्षण, म्हणजे तिला इतर सर्वांपासून वेगळे करणारा धर्म सांगणे, आणि परीक्षा, म्हणजे ते लक्षण त्या वस्तूला खरोखर लागते की नाही याची प्रमाणांनी छाननी करणे. लक्षणात दोष कोणते येतात तेही नैयायिकांनी ठरवले आहे. लक्षण जिथे लागू नये तिथेही लागले तर अतिव्याप्ती, आणि जिथे लागायला हवे त्यातल्या काही ठिकाणी लागले नाही तर अव्याप्ती. बाजारात चक्रांकित शिळेसंबंधी होणारा बहुतेक घोटाळा या दोन दोषांत बसतो.

जिच्यावर चक्र आहे ती चक्रांकित, हे सर्वांत प्रचलित लक्षण अतिव्याप्त आहे. गोमतीचक्र या नावाने पूजासाहित्याच्या दुकानांत जी पांढरी, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर चकती मिळते, ती प्रवाळाची नसून एका समुद्री गोगलगायीच्या शंखाचे झाकण असते. प्राणी शंखात शिरला की हे झाकण दार लावल्यासारखे तोंडावर बसते. त्याच्या सपाट बाजूवर एकच रेषा मध्यापासून वळत वळत काठापर्यंत जाते, आरे नसतात, आणि शेजारी दुसरे चक्रही नसते. प्रवाळाच्या चक्राला मध्य असतो, आरे असतात, आणि लगतच्या पेल्याशी सामाईक सीमाही दिसते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली हा भेद लहान मुलालाही कळतो, पण भिंग न वापरता दोन्ही चक्रेच वाटतात, आणि गोगलगायीचे झाकण द्वारावती शिळा म्हणून सुखेनैव विकले जाते. याहून वेगळी गोष्ट पोवळ्याची आहे. मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसवले जाणारे लाल पोवळे ज्या प्राण्यांच्या वसाहतीपासून मिळते त्यांना आठ स्पर्शक असतात आणि त्यांचा कणा भरीव असतो. त्यात सहाच्या पटीतले आरे शोधणे व्यर्थ आहे.

आम्लाने फसफसते ती प्रवाळ-शिळा, हे लक्षण तर दोन्ही दोषांनी ग्रस्त आहे. चुन्याचा कोणताही दगड, संगमरवर, शंख, शिंपला, गोगलगायीचे झाकण हे सारे व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या थेंबाखाली कमीअधिक बुडबुडे सोडते, म्हणून अतिव्याप्ती. आणि सिलिका झालेले प्रवाळ मुळीच फसफसत नाही, म्हणून अव्याप्ती. याचा अर्थ आम्लाची कसोटी निरुपयोगी आहे असा नव्हे. शिळा चुन्याची आहे की सिलिकेची हे ती सांगते, आणि शिळेला झिलई कशी लागेल, लागेल की नाही, हे ठरवायला नेमके तेच कळावे लागते. शिळा प्रवाळ आहे की नाही हा निर्णय मात्र तिच्याकडे मागू नये.

म्हणून जाणता पारखी एका कसोटीवर थांबत नाही, आणि कसोट्यांचा क्रमही बदलत नाही. तो आधी शिळा स्वच्छ पाण्यात बुडवतो, कारण कोरडा जीवाश्म पुष्कळदा करड्या चुनखडीसारखाच दिसतो आणि ओला होताच त्यातली जाळी उमटते. पेटोस्की दगड गोळा करणारे सरोवराच्या काठाशी पाण्यातच शोध घेतात ते याचसाठी. मग भिंगाने आरे, पेल्यांच्या भिंती आणि त्या शिळेच्या कडेवरून आत कशा जातात हे पाहिले जाते, आणि ही पाहणी निर्णायक ठरते: खऱ्या प्रवाळात वर चक्र दिसले की त्याच चक्राची नळी बाजूच्या तुटलेल्या कडेवर उभ्या रेषांच्या रूपाने खाली उतरताना दिसते, तर कोरलेले किंवा रंगवलेले चक्र पृष्ठभागावरच संपते. यानंतर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पोलादी टोकाचा हलका ओरखडा. कॅल्साइटची कठिणता मोस यांच्या मापावर ३ आहे, सिलिकेची ७, आणि चाकूच्या पोलादाची या दोहोंच्या मधली, त्यामुळे ओरखडा उठणे आणि न उठणे दोन्ही बोलके असते. शेवटी वजन. शिळा हवेत एकदा आणि दोऱ्याला टांगून पाण्यात एकदा तोलली की तिची सापेक्ष घनता निघते. कॅल्साइटची सुमारे २.७ आणि सिलिकेची सुमारे २.६५ येते, तर कृत्रिम राळेचा साचा बहुधा याच्या बराच खाली राहतो. छिद्रांत अडकलेली हवा हा आकडा खोटा पाडू शकते, म्हणून शिळा आधी पुष्कळ वेळ भिजवावी लागते.

हे सारे झिलईच्या आधी का, याचे उत्तर व्यावहारिक आहे आणि तात्त्विकही. झिलई देताना कार्बोरंडमच्या जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत शिळा घासली जाते आणि तिचा बाह्य थर निघून जातो. तो थर म्हणजे शिळेची साक्ष असते: लाटांनी झिजवलेल्या कडा, छिद्रांत बसलेला गाळ, तुटलेल्या बाजूवर उघडी पडलेली नळी, या सर्वांवरून ती कुठून आणि कशी आली हे वाचता येते. घासलेली शिळा सुंदर दिसते, पण तिला प्रश्न विचारण्याच्या बहुतेक जागा बुजलेल्या असतात. राळ भरून भेगा लपवलेल्या असतील तर झिलईनंतर त्याही चटकन दिसत नाहीत.

यावर श्रद्धेच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येतो: जिच्यात देव आहे असे मानले तिला ओरखडे काढणे, तिच्यावर आम्ल टाकणे, तिला तराजूला टांगणे हा देवाचा अविश्वास नव्हे काय? या आक्षेपाला मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्याचा आधार देता येईल. ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाण असते, त्याला खोटे ठरवणारे बाधक ज्ञान जोवर पुढे येत नाही तोवर त्याच्या सत्यतेसाठी दुसरा पुरावा मागायचा नसतो, असे ते मत आहे. तेव्हा शिळा पाहताच हा विष्णू असे जे ज्ञान भक्ताला झाले ते स्वतःच पुरेसे आहे. नैयायिक हे मानत नाहीत. ज्ञानाची सत्यता ज्ञानाबाहेरच्या कारणांवरून ठरते, असे त्यांचे म्हणणे. पण या वादात दोन्ही पक्ष एका गोष्टीवर जवळ येतात, आणि प्रस्तुत प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो. संशय जिथे सकारण आहे तिथे परीक्षा करावीच लागते. वात्स्यायन म्हणतो की न्याय अज्ञात गोष्टीत प्रवृत्त होत नाही आणि निर्णय झालेल्या गोष्टीतही होत नाही, संशयित गोष्टीतच होतो. आणि मीमांसकही बाधकाला दार बंद करत नाही. गोमतीतटी स्वतःच्या हाताने उचललेल्या शिळेविषयी संशयाला जागा थोडी. ज्या बाजारात कोरीव आणि साच्यातल्या शिळा खऱ्यांच्या बरोबरीने मांडलेल्या असतात तिथे संशय हा भक्ताचा दोष नसून परिस्थितीचा धर्म आहे, आणि तो न फेडता केलेली पूजा देवापेक्षा दुकानदारावर अधिक विश्वास टाकते. शिवाय शास्त्रकारांनी स्वतःच लक्षणे सांगितली आहेत. अग्निपुराण शाळिग्रामाच्या चक्रांची संख्या मोजून नावे देते, एका चक्राचा सुदर्शन, दोहोंचा लक्ष्मीनारायण, बारांचा द्वादशात्मा आणि त्यापुढचा अनंत. ज्यांनी इतके बारकाईने पाहायला शिकवले त्यांच्या परंपरेत पाहणे हा अनादर ठरू शकत नाही.

महाराष्ट्रातलाच एक वेगळा विचार इथे तुलनेला घेण्याजोगा आहे. महानुभाव पंथात ज्या पाषाणांना वंदन केले जाते त्यांचे पावित्र्य आकारात नसते, अवताराच्या संबंधात असते: चक्रधरस्वामी जिथे बसले, जिथे वावरले, त्या स्थानाशी त्या दगडाचा संबंध आला एवढे पुरे. अशा पाषाणाचे भिंगाखाली काहीच ठरणार नाही. तिथे प्रमाण एकच, परंपरेचे शब्दप्रमाण. द्वारावती शिळेचे तसे नाही. तिचे पावित्र्य दिसणाऱ्या लक्षणावर उभे आहे, आणि जे दिसणाऱ्या लक्षणावर उभे आहे त्याने दिसण्याच्या कसोटीला सामोरे जायला हवे.

आता स्वयंभूत्वाचा प्रश्न. झिलई चक्र निर्माण करते की आधीच असलेले चक्र प्रकट करते? सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य हे कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपाने असते, कर्ता फक्त त्याची अभिव्यक्ती करतो. या दृष्टीने झिलईने काहीच बिघडत नाही, चक्र शिळेत होतेच. हा युक्तिवाद मोहक आहे, पण तो फार जास्त सिद्ध करतो, कारण त्याच न्यायाने पाथरवटाने घडवलेली विठ्ठलाची मूर्तीही पाषाणात आधीपासून होती असे म्हणता येईल आणि मग स्वयंभू व घडीव हा भेदच उरणार नाही. नैयायिकांचा आरंभवाद, म्हणजे कार्य हे पूर्वी नसलेले नवे काही असते हे मत, दुसऱ्या टोकाला जातो: घासलेली शिळा ही नवीनच वस्तू झाली असे तो म्हणेल. या दोन टोकांच्या मधली जागा प्रत्यक्ष शिळेकडे पाहिल्यावर सापडते. पाथरवट पाषाणातून कोणताही आकार काढू शकतो. झिलई देणारा चक्रांची संख्या ठरवू शकत नाही, आऱ्यांची संख्या वाढवू शकत नाही, दोन पेल्यांमधले अंतर बदलू शकत नाही. आकार नियत आहे आणि तो त्या मेलेल्या प्राण्याने ठरवलेला आहे. इथवर झिलईच्या बाजूने बोलता येते.

पण एक गोष्ट झिलई देणारा निश्चित ठरवतो, आणि ती लहान नाही: छेदाची दिशा. पेल्यांना आडवा छेद घेतला तर चक्रे दिसतात. त्याच शिळेला उभा छेद घेतला तर चक्राचा मागमूसही उरत नाही, बांबूच्या पेरांसारखे लांबट पट्टे दिसतात. म्हणजे एकाच शिळेतून चक्रांकित आणि अचक्रांकित असे दोन्ही तुकडे निघू शकतात, आणि कोणता काढायचा हे करवत धरणारा गिऱ्हाइकाची आवड पाहून ठरवतो. जिथे चक्र दिसावे म्हणून दिशा निवडली गेली तिथे त्या चक्राला स्वयंभू म्हणणे कठीण आहे. ते खोटे नाही, पण ते आपण होऊन समोर आलेले नाही. समुद्राची लाटही शिळा झिजवते आणि गंडकीचा प्रवाहही झिजवतो, मग त्यांनी काय वेगळे केले, असे विचारले जाईल. वेगळेपण झिजण्यात नाही, संकल्पात आहे. लाटेला चक्र दाखवायचे नसते. धर्मशास्त्रात कर्माचे स्वरूप संकल्पाने ठरते, आणि शिळा देव म्हणून सापडणे आणि देव म्हणून दिसावी यासाठी कापली जाणे यांतला फरक त्या कसोटीवर स्पष्ट उभा राहतो. चक्र असलेला शाळिग्राम भंगलेला वा तडकलेला असला तरी पूज्य मानावा, हा परंपरेतला नियम याच भावनेतून आलेला दिसतो: रूप सुबक असणे ही अट नव्हतीच. म्हणून पूजेसाठीची चक्रांकित शिळा घासू नये, धुवावी आणि ओळखावी, एवढेच करावे. ज्याला झिलईचे सौंदर्य हवे त्याने ते संग्रहातल्या दगडात शोधावे. कॅल्साइटी शिळेला दिलेली झिलई पूजेत टिकतही नाही, कारण पंचामृतातले दही हे सौम्य आम्ल आहे आणि रोजच्या अभिषेकाने तो चकचकीत पृष्ठभाग हळूहळू मंद होत जातो.

द्रव्य बदलल्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. सिलिका झालेल्या शिळेत त्या प्राण्याने बांधलेल्या चुन्याचा कणही उरलेला नसेल, तर ती प्रवाळ-शिळा कशी? बौद्ध विचारवंत म्हणतील की क्षणोक्षणी नवे होणाऱ्या प्रवाहाला आपण सोयीसाठी एक नाव दिले आहे. नैयायिक म्हणतील की अवयव बदलले की अवयवी बदलला, जुने द्रव्य नष्ट होऊन नवे उत्पन्न झाले. पूजेच्या दृष्टीने मात्र दोन्ही उत्तरे पचतात, कारण पूज्यता द्रव्यात कधीच ठेवलेली नव्हती, ती चक्रात ठेवलेली आहे, आणि कणाकणाने होणाऱ्या बदलातही टिकून राहिले ते चक्रच.

जिवंत प्रवाळाविषयी मात्र इतक्या शांतपणे बोलता येत नाही. द्वारकेच्या उत्तरेकडे कच्छच्या आखातात प्रवाळांची जिवंत बेटे आहेत, १९८२ साली तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २००१ साली खडक रचणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. नुकतेच मेलेले किंवा तोडलेले प्रवाळ हलके असते, त्याची छिद्रे उघडी आणि कडा तीक्ष्ण असतात. जीवाश्म जड असतो, छिद्रे भरलेली असतात. ही परीक्षा न करता घेतलेली पांढरीशुभ्र शिळा म्हणजे एखाद्या जिवंत वसाहतीचा तोडलेला अवयव असू शकतो, आणि अशा हिंसेतून आलेल्या वस्तूवर तुळशीपत्र वाहणे वैष्णवाला शोभणारे नाही. सिलिका झालेल्या दगडाची धूळ हीदेखील हिंसाच असते: गुजरातेतच खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना त्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो, हे वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. झिलईची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न धर्माच्या कक्षेबाहेरचा नाही.

एक अडचण अशी उरते की परीक्षेचे ज्ञान पुष्कळदा पूजेनंतर येते. आजोबांनी आणलेली, दोन पिढ्यांनी गंध-तुळस वाहिलेली शिळा भिंगाखाली कोरीव निघाली तर? स्वयंभू शिळेला प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रांनी देवत्वाचे आवाहन, लागत नाही. घडीव प्रतिमेला लागते. तेव्हा ती शिळा चक्रांकित नाही हे मान्य करून, तिला घडीव प्रतिमा मानून, यथाविधी प्रतिष्ठा करून ठेवायला शास्त्राची आडकाठी दिसत नाही; आजवरच्या पूजेत भाव होता आणि तो चुकीच्या पत्त्यावर गेला असे म्हणायला वैष्णव परंपरेत आधार नाही. मात्र ती शिळा पुढच्या पिढीला द्वारावती शिळा म्हणून सोपवू नये, आणि तिच्या जागी दुसरी आणायची झाल्यास ती ओल्या अंगाने, भिंगाखाली, न घासलेली पाहून मगच आणावी.